गालिच्यात अडकलेली शंभर कोटी वर्षं

बोटीच्या तळाशी पसरलेल्या कार्पेटचा एक सुटा धागा उपटून पाण्याच्या पेल्यात टाका. तो तरंगत राहील. शेजारी सुती पंच्याचा धागा टाका. तो आधी भिजेल आणि मग तळाला जाईल. लोकरीचा जाईल, नायलॉनचा जाईल, पॉलिएस्टरचाही जाईल. रोज अंगावर वापरायच्या कापडांत पाण्यापेक्षा हलका धागा जवळजवळ नाहीच. बोटीसाठी मात्र माणसाने नेमका तोच निवडला.

रायपूरपासून समुद्र कुठल्याही बाजूने शेकडो किलोमीटर लांब. तरीही हे गाव पाण्याचंच. बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध, कंकाली अशी तळ्यांची नावं इथल्या पत्त्यांतच मिसळून गेली आहेत. सुट्टीच्या दिवशी थोडं लांब जायचं असेल तर धमतरीजवळचं गंगरेल, म्हणजे महानदीवरच्या धरणाचा रविशंकर सागर. तिथलं पाणी इतकं पसरलेलं, की समोरचा काठ धूसर दिसतो. नौकाविहार आला की मोटरबोट आली, आणि अनेक मोटरबोटींत पायाखाली ते करड्या, निळ्या किंवा हिरव्या रंगाचं खरखरीत कार्पेट येतं. काठावरचा चिखल, डब्यातल्या भाजीचं तेल, इंजिनाचं वंगण, कुणाच्या तरी पानाचा रस, हे सगळं त्याच्या नशिबी. ते धुवायचं कसं, हा प्रश्न घरकामातला वाटतो. पण त्याचं उत्तर शोधत गेलं की आपण रायपूरच्या जमिनीखाली शंभर कोटी वर्षं मागे जाऊन पोचतो. ती वाट मला इतकी विलक्षण वाटते, की ती सगळी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात धाग्यापासूनच करू. तो असतो पॉलिप्रॉपिलीनचा. सिमेंटची विणलेली पोती, प्लास्टिकच्या दोऱ्या, टिफिनचे डबे ज्याचे बनतात तेच हे प्लास्टिक. इटलीत मिलानमध्ये जुलिओ नाट्टा या रसायनशास्त्रज्ञाने १९५४ साली प्रॉपिलीन वायूचे रेणू एका विशिष्ट शिस्तीत जोडून त्यांच्या लांब साखळ्या बनवल्या. प्रत्येक कडीची बाजूची फांदी एकाच दिशेला, अशी ती शिस्त. त्यामुळे साखळ्या एकमेकींना खेटून बसतात आणि मऊ चिकट गोळ्याऐवजी बळकट, स्फटिकासारखी रचना तयार होते. नाट्टा आणि जर्मनीचे कार्ल झीग्लर यांना १९६३ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते अशा लांब साखळ्यांच्या रसायनातल्या शोधांसाठी. या प्लास्टिकची घनता पाण्याच्या जेमतेम नऊ दशांश, म्हणून धागा तरंगतो. शिवाय साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. पाण्याच्या रेणूला धरून ठेवायला तिथे काहीच नाही. दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी शोषून बसतं, ताग त्याहून जास्त, आणि हा धागा जवळजवळ शून्य.

याचा अर्थ डागांच्या बाबतीत फार मोठा आहे. सुती कापडावर पडलेला चहा धाग्याच्या आत शिरतो, कारण पाणी आत शिरतं आणि रंग पाण्यासोबत जातो. बोटीच्या कार्पेटमध्ये पाणी धाग्यांच्या मधल्या फटींत साचतं, पण धाग्याच्या आत जात नाही. मग रंग तरी कसा जाणार? कार्पेटचा स्वतःचा निळा किंवा हिरवा रंगही बाहेरून चढवलेला नसतो, कारण हा धागा कुठलाच रंग धरत नाही. वितळलेल्या प्लास्टिकमध्येच रंगद्रव्य मिसळून मग त्याचे धागे ओढतात. म्हणून कार्पेट पुसताना रंग उतरेल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते.

हे कार्पेट विणलेलंही नसतं. सुट्या धाग्यांचा जाड थर पसरून त्यात खाचा असलेल्या हजारो सुया वरखाली ठोकतात. प्रत्येक सुई काही धागे ओढून खालच्या थरात गुंतवते आणि ठोकता ठोकता सगळ्यांची घट्ट गुंतवळ तयार होते. मळ बसतो तो या गुंतवळीत. बोटीच्या कार्पेटवर जे घाण म्हणून दिसतं त्यातलं बरंचसं चिकटलेलं नसतंच, अडकलेलं असतं. ही एक गोष्ट ध्यानात आली की अर्धी मेहनत वाचते.

आता तो मळ. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या मातीला चार नावांनी ओळखतो: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा म्हणजे लाल, मुरमाड, उंचवट्यावरची. मटासी पिवळसर. डोरसा मधली. कन्हार म्हणजे आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीची बहीण, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. बोटीत चढणाऱ्या चपलेला यातली कुठली माती लागली आहे त्यावर कार्पेटचं भवितव्य ठरतं. भाठ्याचा खडा जड असतो, झटकला की सुटतो. कन्हार वेगळ्याच जातीची. तिच्यातल्या चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या पस्तीसाव्या भागाएवढे किंवा त्याहून कमी, आणि तेही गोल नाहीत तर पातळ पापुद्र्यांचे. या पापुद्र्यांच्या खनिजाचा एक ग्रॅम घेऊन सगळे पापुद्रे सुटे करून अंथरता आले तर सातशे-आठशे चौरस मीटर जागा व्यापतील! पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यांच्यामध्ये पाणी शिरतं, आणि ओली असताना ही माती कार्पेटच्या प्रत्येक फटीत सरकून बसते.

म्हणून चिखल ओला असताना त्याला हात लावायचा नाही. घासलं की पापुद्रे आणखी खोल जातात. तो पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना पापुद्र्यांमधलं पाणी निघून जातं, माती आकसते, तिला भेगा पडतात, आणि न भिजणाऱ्या धाग्यावरची तिची पकड सुटते. मग कडक ब्रश, आणि त्यानंतर व्हॅक्यूम क्लीनर. कार्पेट सुटं असेल तर ते काठावर आणून, उलटं करून, काठीने झोडपावं. गावाकडे सतरंज्या झोडपतात तसंच. अनेकजण थेट पाण्याची नळी लावतात आणि इथेच फसतात. वाळलेली माती जितकी कोरडी निघते तितकी कुठल्याच साबणाने ओली निघत नाही. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं साधन धीर धरणं हेच आहे, आणि रायपूरच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर असताना, फार धीरही धरावा लागत नाही.

कोरडा मळ निघाल्यावर पाण्याची पाळी येते. आणि इथे गोष्ट कार्पेटपेक्षा खूप मोठी होते.

रायपूरच्या बोअरवेलचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे ओघळ राहतात, गीझरच्या कॉइलवर पापुद्रा चढतो. कारण या शहराच्या खाली चुनखडक आहे. जामूल, तिल्दा, बलौदाबाजार या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच खडकामुळे. आसपासच्या खाणींतून निघणारी फरशीही यातलीच. पावसाचं पाणी मुरत जाताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, किंचित आम्ल होतं, चुनखडक विरघळवतं आणि कॅल्शियम घेऊन बोअरवेलमध्ये उतरतं. त्या पाण्यात साबण घातला की साबणाचे रेणू मळ सोडून कॅल्शियमलाच बिलगतात. तयार होते एक पांढरी, न विरघळणारी, चिकट साय. ती कार्पेटच्या गुंतवळीत बसते, वाळते, आणि पुढच्या रविवारी येणारी प्रत्येक धूळ पकडून ठेवते. धुतल्यावर कार्पेट लवकर मळतं अशी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बहुधा या सायीत असतं.

पण हा चुनखडक आला कुठून? आज जिथे रायपूर, दुर्ग, बिलासपूर आहे तिथे एकेकाळी उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या थरांना भूवैज्ञानिक छत्तीसगड खोरं म्हणतात. वरच्या थरांतल्या ज्वालामुखीय राखेचं वय सुमारे शंभर कोटी वर्षं निघालं आहे. खालचे थर त्याहून जुने. तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता, कवच असलेला प्राणी नव्हता. तरीही रायपूरच्या चुनखडकात जीवनाच्या खुणा आहेत. खडकाच्या कापलेल्या बाजूवर एकावर एक चढलेल्या, घुमटासारख्या वाकलेल्या बारीक रेघा दिसतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. त्या रेघा सायनोबॅक्टेरिया नावाच्या, उजेडावर जगणाऱ्या जिवाणूंनी आणि त्यांच्या सोबतच्या सूक्ष्मजीवांनी घडवल्या.

घडवल्या कशा, ते ऐका. उथळ पाण्याच्या तळावर हे सूक्ष्मजीव आपल्या बारीक, चिकट तंतूंची एक चादर अंथरतात. लाटेबरोबर आलेले गाळाचे कण त्या तंतूंत अडकतात. कण साचले की खाली अंधार होतो. सूक्ष्मजीवांना उजेड हवा, म्हणून ते कणांमधून वर सरकतात आणि नवी चादर अंथरतात. पुन्हा गाळ, पुन्हा चादर. पाण्यातला चुना त्या थरांना सांधतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे इथे असे थर आजही घडताना पाहता येतात. म्हणजे रायपूरच्या पायाखालचा खडक हा खऱ्या अर्थाने मळ धरणाऱ्या गालिच्यांचा थर आहे. तंतूंची गुंतवळ, तिच्यात अडकणारा गाळ, आणि न धुतल्यामुळे चढत गेलेली पुटं. आपण बोटीच्या कार्पेटवर जे रोखू पाहतो, तेच शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे मुक्तपणे होत राहिलं, आणि त्या गालिच्याचा चुना आज आपल्या बादलीत उतरून साबणाला फेस येऊ देत नाही.

मला याहून सुंदर योगायोग माहीत नाही. आणि तो इथे संपतही नाही. कार्पेटचा धागा खनिज तेलापासून बनतो. खनिज तेल हे बहुतांशी प्राचीन समुद्रांत तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांचं आणि तशाच इतर जीवांचं अवशेष-द्रव्य, गाळाखाली दबून, तापून बदललेलं. म्हणजे धागाही त्याच घराण्याच्या जवळपासचा.

तर जड पाण्याशी वागायचं कसं? अंगाचा किंवा कपड्यांचा वडीचा साबण कार्पेटला लावू नये. आजच्या द्रव डिटर्जंटचे रेणू कॅल्शियमला इतक्या सहज बळी पडत नाहीत. ते चालतात, पण बादलीला चमचाभर. बोअरवेलचंच पाणी वापरायचं असेल तर त्यात थोडा धुण्याचा सोडा आधी विरघळवून ठेवावा. कॅल्शियम तळाशी बसतं. आणि शेवटचं विसळणं शक्य असेल तर पावसाच्या पाण्याने. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत रायपूरच्या पत्र्यांवरून वाहणारं पाणी कुठल्याही बोअरवेलपेक्षा मृदू असतं, कारण त्याची खडकाशी अजून भेटच झालेली नसते.

डिटर्जंट नेमकं करतं काय, याचा उलगडा करण्यात एका स्वयंपाकघराचा मोठा वाटा आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी राहणाऱ्या आग्नेस पोकेल्स हिला स्त्री असल्यामुळे विद्यापीठात शिकता आलं नाही. घरची भांडी घासता घासता तिला दिसलं, की पाण्यावर तेलाचा किंवा साबणाचा किंचित अंश आला तरी पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो. तिने घरच्या घरी एक पन्हाळीसारखं भांडं आणि एक छोटा तराजू वापरून पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोजायला सुरुवात केली. १८९१ मध्ये तिने इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं, आणि त्यांनी ते त्याच वर्षी 'नेचर' या नियतकालिकात छापवून आणलं. पृष्ठभागांचं विज्ञान ज्यांनी उभं केलं त्यांत तिचं नाव आज आदराने घेतलं जातं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धार्जिणं, दुसरं तेलाला. तेलाचं टोक वंगणात रुततं, पाण्याचं टोक बाहेर राहतं, आणि अशा रेणूंनी वेढलेला तेलाचा थेंब पाण्यात सुटा होऊन वाहून जातो.

बोटीच्या कार्पेटची खरी कमजोरी तेलच आहे. पाण्याला दूर ठेवणारा धागा तेलाला मात्र जवळ करतो, कारण दोघेही कार्बन-हायड्रोजनचे. इंजिनाजवळ सांडलेलं वंगण, भजी-वड्याचं तेल, ठेठरीच्या पुडीतून पाझरलेलं तेल, हे धाग्यावर पसरतं आणि रेंगाळतं. त्यावर आधी पाणी अजिबात नको. कॉर्नफ्लोअर किंवा मुलतानी माती भुरभुरवून तासभर ठेवा, तेल त्यात शोषलं जातं, मग ते झटकून घ्या आणि मागून भांडी घासायच्या द्रवाचा फेस लावा. पेट्रोल किंवा थिनरचा बोळा फिरवणारे असतात. ते करू नका. धाग्याखालचा रबरासारखा थर त्याने सुटतो, आणि इंजिन असलेल्या बंदिस्त बोटीत त्याची वाफ जिवाशी खेळ ठरते.

हळदीचा डाग ही तर मराठी घराची जुनी ओळख. वरणाचा थेंब पडला, वर साबण लावला आणि पिवळा डाग एकदम लालसर झाला, हे ज्याने पाहिलं नाही असा माणूस विरळा. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कात तांबडं असतं. आपल्या आज्या हळदीत चुना मिसळून कुंकू करत तो हाच प्रयोग. तेव्हा साबणाने लाल झालेला डाग पाहून घाबरायचं कारण नाही. स्वच्छ पाण्याने साबण निघाला की तो पुन्हा पिवळा होतो. कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून आधी तेलाच्या डागाचा उपाय करावा, आणि जे उरेल ते उन्हावर सोपवावं. सूर्यप्रकाशात कर्क्युमिनचा रेणू तुटतो. रायपूरच्या उन्हात काही तासांत पिवळेपणा फिका पडत जातो, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. मात्र आठवडे-महिने उन्हात टाकू नये. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत प्रत्येक कडीला एक दुबळा सांधा असतो, आणि अतिनील किरण तोच सांधा तोडतात. उत्पादक त्यात संरक्षक द्रव्यं घालतात खरी, पण तीही संपतात. मग धागा हातात घेतला की चुरा होतो.

पानाचा रंग याच कुळातला. काथ आणि सुपारीतली टॅनिनसारखी द्रव्यं चुन्याच्या संगतीत हवेतला प्राणवायू घेऊन लाल होतात. तो गडद लाल रंग बराचसा तोंडातच जन्मतो. या डागाला अल्क म्हणजे आणखी बळ, म्हणून सोडा किंवा साबण आधी नको. थंड पाण्याने टिपून घ्यावं, मग पाण्यात मिसळलेलं थोडं व्हिनेगर, आणि तरीही उरला तर औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कोपऱ्यात आधी तपासून लावावं.

लोखंडाच्या खुर्चीच्या पायाखाली उमटलेलं तांबूस वर्तुळ म्हणजे गंज. इथे ब्लीच लावू नये. गंज हा आधीच प्राणवायूने भरलेला, ब्लीच त्याला आणखी पक्का करतं. लिंबाचा रस आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवलं तर सिट्रिक आम्ल लोहाच्या अणूला वेढा घालून पाण्यात ओढतं. याहून बळकट ऑक्झॅलिक आम्ल, ज्याच्या कॅल्शियमच्या स्फटिकांमुळे अळू घशाला खाजतो. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच वापरावं. गंजाचा तांबडा रंग पाहिला की मला दल्ली-राजहराच्या खाणी आठवतात, जिथलं लोहखनिज भिलाईच्या भट्ट्यांत जातं. अशा जुन्या लोहथरांमागेही आदिम समुद्रातल्या सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा असावा असं भूवैज्ञानिक मानतात: त्यांनी सोडलेल्या प्राणवायूने समुद्रात विरघळलेलं लोह गंजलं आणि तळाशी बसलं.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि लिंबू, ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल, या जोड्या कधीही एकत्र आणू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बोटीचा तळ खोलगट असतो आणि क्लोरीन हवेपेक्षा जड, तो तिथेच साचतो.

आता वासाकडे येऊ. बंद ठेवलेल्या बोटीत शिरलं की जो कुबट, मातकट वास येतो तो बहुतेकांना कार्पेटचा वाटतो. कार्पेटच्या धाग्याला तसा वास नाही आणि बुरशीला तो खाताही येत नाही. बुरशी जगते ती गुंतवळीत अडकलेल्या अन्नाच्या कणांवर, त्वचेच्या कोंड्यावर आणि खालच्या ओल्या प्लायवूडवर. मातकटपणा येतो जिओस्मिन या रेणूमुळे. पहिल्या पावसात मातीला जो सुवास येतो त्यातही हाच असतो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू तो बनवतात आणि तळ्यातले काही सायनोबॅक्टेरियाही. हो, पुन्हा तेच सायनोबॅक्टेरिया. ओलसर कार्पेटवर चढणारी हिरवी बुळबुळीत साय शैवालांची असते, आणि तिच्यात अनेकदा सायनोबॅक्टेरियाही असतात. शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे चादरी अंथरणाऱ्यांच्या नात्यातले जीव तळ्यातून चपलेला लागून बोटीत येतात आणि जमेल तिथे नवी चादर अंथरू पाहतात.

माणसाचं नाक या रेणूच्या बाबतीत अचाट आहे. दहा लाख लिटर पाण्यात पाच-दहा मिलिग्रॅम जिओस्मिन असला तरी आपल्याला तो कळतो. मातीतले जिवाणू हा वास का सोडतात, यावर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने प्रकाश टाकला: स्प्रिंगटेल नावाचे मातीतले चिमुकले, उड्या मारणारे जीव त्या वासाने ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांची बीजं अंगावर घेऊन दूर पसरवतात. ज्या वासाने आपण नाक मुरडतो, तो कुणाला तरी दिलेलं आमंत्रण आहे.

या वासावरचा उपाय गोड्या पाण्यातली मासळी शिजवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. रोहू-कटल्याचा मातकटपणा घालवायला आपण चिंच किंवा लिंबू लावतो. आम्लात जिओस्मिनचा रेणू बदलून वास नसलेल्या दुसऱ्या रेणूत रूपांतरित होतो. कार्पेटवर पाणी आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं शिंपडून ब्रश फिरवणं हा तोच उपाय, आणि बुरशीलाही तो फारसा मानवत नाही. बुरशीची बीजं हवेत उडतात, म्हणून तोंडाला फडकं बांधावं.

इतकं करूनही एक अनुभव अनेकांना येतो: डाग गेला असं वाटतं, आणि वाळल्यावर दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा उमटतो. यात कुणाचा हात नसतो, फक्त केशाकर्षण असतं. मळकं पाणी कार्पेटच्या तळाशी साचलेलं असतं. बाष्पीभवन होतं धाग्यांच्या टोकांवर. टोकावरचं पाणी उडालं की खालचं पाणी धाग्यांमधल्या बारीक फटींतून वर चढतं आणि विरघळलेला मळ सोबत आणून टोकावर ठेवतं. झाडाच्या मुळांपासून पानांपर्यंत पाणी ओढण्यातही बाष्पीभवनाचा असाच ओढा काम करतो. म्हणून धुण्याचं पाणी वरून उडू द्यायचं नसतं, ते टिपून काढायचं असतं. पाणी ओढणारं व्हॅक्यूम यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर जाड सुती पंचा अंथरून त्यावर वजन ठेवावं, तो भिजला की बदलावा. पाण्याचा ओढा आता पंच्याकडे जातो आणि मळ पंच्यात उतरतो. घासणं नाही, दाबणं. आणि कडेपासून मध्याकडे, म्हणजे डाग पसरत नाही.

तळाला डिंकाने चिकटवलेल्या कार्पेटवर जोराच्या फवाऱ्याचं यंत्र वापरू नये. धागा कुजत नाही, पण फवारा पाणी खालच्या प्लायवूडपर्यंत नेतो, आणि ते कुजतं. सुटं कार्पेट असेल तर धुतल्यावर दोरीवर नाही, तर दोन बाकांवर आडवं, खालून हवा खेळेल असं टाकावं. रायपूरच्या श्रावणात, हवाच पाण्याने भरलेली असताना, दोन दिवस पंख्याखाली ठेवलं तरी तळ ओला राहू शकतो. मागची बाजू हाताने चाचपून मगच बोटीत पसरावं.

आणि धुणं तळ्याच्या घाटावर करू नये. तळ्यावरून धावणारे लांब पायांचे किडे पाण्याच्या पृष्ठभागाच्या ताणावर तोललेले असतात. डिटर्जंट तो ताण अर्ध्याहूनही कमी करतं, आणि त्या पाण्यावर किडा उभा राहूच शकत नाही. फॉस्फेट असलेली पावडर तर शैवालांचं खतच. ज्या सायीला कार्पेटवरून काढलं, तिला तळ्यात वाढवण्याचा तो रस्ता. घासताना सुटलेले धाग्यांचे तुकडेही पाण्यावर तरंगतच राहतात, कारण ते पाण्यापेक्षा हलके. तेव्हा बादल्या घेऊन काठापासून लांब, मोकळ्या जमिनीवर जावं, धुवण गाळणीच्या फडक्यातून ओतावं, फडक्यातले तंतू कचऱ्यात टाकावेत आणि पाणी भाठ्यात मुरू द्यावं. तिथल्या जिवाणूंना डिटर्जंट हळूहळू पचवता येतं. वंगणाचं पाणी तेवढं वेगळ्या डब्यात घेऊन गॅरेजमध्ये द्यावं.